रहस्य, भय आणि अद्भुत : कादंबरीवर प्रामाणिक मत कसे लिहावे

‘पुस्तक खाली ठेववत नाही’, ‘अंगावर काटा आला’ आणि ‘शेवटचा धक्का अनपेक्षित’ ही तीन वाक्ये कोणत्याही रहस्यकादंबरीला, भयकादंबरीला किंवा अद्भुतरम्य कादंबरीला चिकटवता येतात, आणि म्हणूनच ती वाचून कोणाचाही कसलाच निर्णय होत नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात चारशे रुपयांचे पुस्तक हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला हे पुस्तक नेमके कोणत्या जातीचे आहे, ते जे करू पाहते ते त्याला साधले आहे का, आणि साधले नसेल तर माशी कुठे शिंकली, एवढेच जाणून घ्यायचे असते. ते सांगण्यासाठी समीक्षेची पदवी लागत नाही. वाचताना थोडी शिस्त लागते आणि लिहिताना भीड बाजूला ठेवावी लागते. पुण्यात ही दुसरी गोष्ट जरा जड जाते, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

सुरुवात पुस्तकाची जात ठरवण्यापासून करावी. मलपृष्ठावरचा मजकूर त्यासाठी फारसा उपयोगी नाही, कारण तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो. पहिली तीस-चाळीस पाने मात्र खरे बोलतात. तेवढ्या पानांत कादंबरी वाचकाला काहीतरी कबूल करते : इथे तुम्हाला एक कोडे सोडवायला मिळेल, किंवा इथे पाठलाग आणि हाणामारी असेल, किंवा इथे भीती हळूहळू साचत जाईल. हे कबूल केलेले एका ओळीत लिहून ठेवावे आणि पुस्तक संपल्यावर त्याच ओळीला धरून हिशोब मागावा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या कथांत वाचक वेग, वेषांतर आणि साहस यांसाठी येत असे, दुवे जुळवत बसण्यासाठी नव्हे. अशा कथेला ‘यात पुरावे नीट पेरलेले नाहीत’ असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच एका बंद खोलीतल्या खुनाचे कोडे मांडणाऱ्या कादंबरीला ‘यात थरार कमी आहे’ असे म्हणणे चुकीचे. बहुतेक अन्याय्य अभिप्राय या एकाच ठिकाणी बिघडतात.

वाचताना टिपणे ठेवावीत, पण वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवू नये. खुनी कोण हे तिसऱ्याच पानावर समासात लिहून ठेवणारे महाभाग प्रत्येक वाचनालयात असतातच. त्यांत भर घालण्याची गरज नाही. पाठकोऱ्या कागदाचे एक चिटोरे खूणपत्र म्हणून वापरावे आणि त्यावर पान क्रमांक, तिथे काय घडले आणि त्या क्षणी मला काय वाटले, इतकेच लिहावे. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पुस्तक संपल्यावर शेवटाचा रंग मागच्या सगळ्या पानांवर पसरतो. चांगल्या शेवटामुळे मधला कंटाळा विसरला जातो आणि फसलेल्या शेवटामुळे मधली उत्तम प्रकरणेही वाया गेल्यासारखी वाटतात. पान एकशे चाळीसवर ‘इथे दोनदा पुस्तक मिटले’ असे लिहिलेले असेल, तर नंतर ते नाकारता येत नाही.

रहस्यकादंबरीसाठी या टिपणांना आणखी एक जोड द्यावी. उलगड्याचे प्रकरण सुरू होण्यापूर्वी वाचन थांबवावे आणि आपला अंदाज कागदावर लिहावा : गुन्हा कोणी केला, कसा केला आणि का केला. मग शेवट वाचावा, आणि त्यानंतर मागे जाऊन ज्या दुव्यांवर उलगडा उभा आहे ते दुवे खरोखर आपल्यासमोर ठेवले होते का, हे पान काढून तपासावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच फारसे कोणी करत नाही. पण ते केल्याशिवाय ‘शेवट पटला नाही’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले होते. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, शोधकाला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, दैवी शक्तीने कोडे सोडवू नये, एकाहून अधिक गुप्त खोल्या किंवा भुयारे नसावीत, जुळी भावंडे पूर्वसूचनेशिवाय आणू नयेत, असे ते नियम आहेत. त्यांत थोडी थट्टा आहे आणि उत्तमोत्तम लेखकांनी ते मोडलेही आहेत, तरी तपासणीची यादी म्हणून ते आजही हाताशी ठेवावेत. ऑस्ट्रेलियन लेखक बेंजामिन स्टीव्हन्सन यांच्या २०२२ सालच्या ‘एव्हरीवन इन माय फॅमिली हॅज किल्ड समवन’ या कादंबरीत तर निवेदक हे नियमच वाचकासमोर ठेवतो, आपण खरे तेच सांगणार असे वचन देतो आणि कोणत्या पानांवर मृत्यू घडणार आहेत तेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. अशा पुस्तकावर मत लिहिताना काम सोपे होते, कारण वचन छापील आहे. निवेदकाने शब्द पाळला का, एवढेच पाहायचे. माझ्या मते त्याने तो बव्हंशी पाळला आहे, पण दर काही पानांनी वाचकाला डोळा मारण्याची त्याची सवय दुसऱ्या अर्ध्यात दमवते, आणि कुटुंबातल्या माणसांचे दुःख ज्या ठिकाणी खरे वाटायला हवे तिथेही विनोद आडवा येतो.

‘खुनी कोण ते मला आधीच कळले’ हा आक्षेप जपून वापरावा. तो कसा कळला, हे आधी स्वतःला विचारावे. दुवे जुळवून कळला असेल तर तो लेखकाचा दोष नाही. उलट लेखकाने खेळ सरळ खेळल्याची ती पावती आहे. ‘इतका सज्जन दाखवला आहे म्हणजे हाच असणार’ असे लेखकाच्या लकबीवरून कळले असेल, तर तो दोष नक्की नोंदवावा. कोडे सुटूनही गुन्ह्यामागचे कारण पोकळ राहिले असेल, तर तोही नोंदवावा. हल्लीच्या कादंबऱ्यांत ‘कसे’ यावर दोनशे पाने आणि ‘का’ यावर दोन परिच्छेद हे प्रमाण फार दिसते.

तपशिलांची तपासणी किती करावी, हा प्रश्न पुण्यात घडणाऱ्या कादंबऱ्यांच्या बाबतीत विशेष येतो, कारण इथला वाचक रस्ता चुकलेला सहन करत नाही. एक साधी कसोटी पुरेशी आहे : चुकीचा तपशील काढून घेतला तर कथानक कोसळते का? हिंजवडीतल्या संगणक कंपनीत खून होतो आणि तपास थेट पुणे शहर पोलिसांचे पथक करते, असे २०२३ साली घडताना दाखवले असेल, तर पिंपरी-चिंचवडचे वेगळे पोलीस आयुक्तालय २०१८ पासून आहे आणि हिंजवडी त्याच्या हद्दीत येते, हे लेखकाने पाहिलेले नाही. दोन अधिकाऱ्यांमधली हद्दीची चढाओढ हाच कथेचा कणा असेल तर ही चूक गंभीर आहे. एरवी एका वाक्यात सांगून पुढे जावे. तसेच कायद्याचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ च्या जागी १०३ झाले. त्यानंतरच्या गुन्ह्यात फिर्यादीच्या कागदावर ३०२ लिहिलेले दाखवले असेल तर ती चूक आहे. पण जुना हवालदार बोलताना ‘तीनशे दोन’ म्हणत असेल तर लेखकाचा कान चांगला आहे असे म्हणावे लागेल, आणि गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर ३०२ हेच बरोबर. अशी शहानिशा न करता चुका काढणारा अभिप्राय स्वतःच हास्यास्पद ठरतो.

भयकादंबरीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पुरावा आपल्याच शरीरात असतो आणि तो दुसऱ्याला दाखवता येत नाही. त्यामुळे ‘मला भीती वाटली’ किंवा ‘वाटली नाही’ यावर न थांबता भीती कुठून आली, हे सांगावे. काही कादंबऱ्या येऊ घातलेल्या गोष्टीची चाहूल लावून घाबरवतात, काही प्रत्यक्ष काय घडले ते दाखवून. इंग्रज कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांनी हा भेद दोनशे वर्षांपूर्वी मांडून पहिल्या प्रकाराच्या बाजूने कौल दिला होता, आणि मी त्यांच्याच पक्षातला आहे. तुमचा पक्ष वेगळा असेल तर तसे अभिप्रायात लिहावे, म्हणजे वाचक तुमच्या मताला आपल्या आवडीप्रमाणे वजन देईल. पुस्तक कोणत्या परिस्थितीत वाचले तेही महत्त्वाचे आहे. भर दुपारी लक्ष्मी रस्त्याच्या गोंगाटात, बसची वाट पाहत तुकड्यातुकड्यांनी वाचलेल्या भयकादंबरीला ‘वातावरणनिर्मिती जमलेली नाही’ असे म्हणणे योग्य नव्हे. निदान पहिला एक तृतीयांश भाग एका बैठकीत, शांतपणे वाचावा आणि मगच बोलावे.

या प्रकारात ओळखीच्या सामग्रीचा प्रश्न सर्वांत टोकदार असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पौर्णिमेच्या रात्री तिथे ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही दंतकथा इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. ती हाक नुसती कादंबरीत आणून कोणाची पाचावर धारण बसणार नाही. लेखकाने त्या हाकेत काय भर घातली, ती कोणाच्या कानाने ऐकवली, राघोबा आणि आनंदीबाई यांच्याविषयी रूढ समजुतींच्या पलीकडे काही दिसले का, हे पाहावे. शिवाय आजच्या काळातला नायक वाड्याच्या दालनांतून आणि जिन्यांवरून पळताना दाखवला असेल, तर १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या आणि आज तट, दरवाजे व चौथरेच उरले आहेत, याची आठवण करून द्यावी. अर्थात ती जळालेली दालने त्याच्यापुढे पुन्हा उभी राहतात अशीच कल्पना असेल, तर मात्र ती दादच देण्याजोगी आहे. पेठांतले बहुतेक वाडे आता पाडून झाले आहेत, आणि तरीही आड, माजघर आणि कुरकुरणारा जिना भयकथेतून जात नाहीत. मला या जिन्यांचा कंटाळा आला आहे, हे इथे नमूद करतो. गृहसंकुलाच्या तळघरातल्या वाहनतळात, रात्री अकरानंतर दिवे आपोआप मंद होतात तेव्हा काय वाटते, यावर कोणी मन लावून लिहिले तर मी ते आधी विकत घेईन.

सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांची २०२० सालची ‘मेक्सिकन गॉथिक’ ही अशा ओळखीच्या सामग्रीचे काय करावे याचा चांगला नमुना आहे. एकाकी हवेली, आजारी नववधू, तिला पाहायला आलेली बहीण, हे सगळे जुनेच आहे. पण हवेली १९५० च्या मेक्सिकोतल्या एका बंद पडलेल्या चांदीच्या खाणीजवळ आहे आणि मालक इंग्रज आहेत, त्यामुळे भीतीच्या मुळाशी जमीन, वंश आणि मालकी यांचा प्रश्न येतो. पहिल्या अर्ध्यातला भिंतीवरच्या बुरशीचा वावर मला विलक्षण वाटला. दुसऱ्या अर्ध्यात मात्र लेखिका सगळ्याचे स्पष्टीकरण देऊ लागते, आणि स्पष्टीकरण जितके पूर्ण होते तितकी भीती ओसरते. अभिप्रायात हे दोन्ही लिहावे. एकामुळे दुसरे खोडले जात नाही.

भुताखेतांच्या कादंबरीने अंधश्रद्धा वाढते का, हा प्रश्न महाराष्ट्रात आणि त्यातही डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या ज्या शहरात झाली तिथे टाळता येत नाही. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो माणसाला लुबाडणाऱ्या आणि इजा करणाऱ्या कृत्यांविरुद्ध आहे. कथेतल्या भुताशी त्याला काही देणेघेणे नाही. कथेत भूत असणे हा दोष नव्हे. परंतु कादंबरीत मानसिक आजाराने ग्रासलेल्या बाईला मांत्रिकाने चटके दिले आणि ती त्यामुळे बरी झाली, असे लेखकाच्या संमतीने दाखवले असेल, तर ते वाचकाला स्पष्ट सांगावे आणि आपला विरोध नोंदवावा. त्याचप्रमाणे लहान मुलांवरील हिंसा, आत्महत्या किंवा प्राण्यांचा छळ असे काही ठळकपणे येत असेल, तर एका ओळीची सूचना द्यावी. त्याने रहस्य फुटत नाही.

मूळ कल्पना कोणाची, हेही सांगावे. पुण्याच्याच नारायण धारपांनी मराठी भयकथेचा पाया घातला, आणि त्यांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर आधारलेली आहे, हे जाणकार वाचक जाणतात. त्याने धारपांची थोरवी कमी होत नाही. परक्या मातीतले भय इथल्या गावात, इथल्या माणसांत रुजवणे हे मोठे काम आहे आणि त्याचे मोजमाप वेगळ्या प्रकारे करावे लागते. नव्या लेखकाचे कथानक आधी कुठे वाचल्यासारखे वाटले तर मात्र ‘चोरी’ हा शब्द वापरण्यापूर्वी दोन्ही पुस्तके समोर ठेवून नेमकी साम्ये दाखवता आली पाहिजेत. ती दाखवता येत नसतील तर ‘आठवण झाली’ इतकेच म्हणावे.

अद्भुतरम्य कादंबरी आपल्या मातीतली नाही, हा समज काढून टाकावा. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची आहे, आणि मराठी कादंबरीचा आरंभकाळच अद्भुताने भरलेला आहे. या प्रकारात पाहायचे ते नियम. जादू कोणाला येते, तिची किंमत काय, ती कुठे चालत नाही, हे ठरल्यावर लेखक ते पाळतो का? नायक अडचणीत सापडताच नवी शक्ती उगवत असेल, तर पान क्रमांकासह तक्रार करावी. सुझॅना क्लार्क यांच्या ‘पिरानेसी’ या २०२० सालच्या कादंबरीत अंतहीन दालनांचे एक घर आहे, खालच्या मजल्यांवर समुद्र येतो, आणि निवेदक भरती-ओहोटीची गणिते मांडून वहीत नोंदी ठेवतो. त्या गणितांना पुढे कथेत खरोखर काम आहे, आणि अद्भुत किती काटेकोर असू शकते ते यातून दिसते. निवेदकाच्या पुष्कळ आधी वाचकाला सत्य उमगते ही काहींना उणीव वाटेल. मला त्या भोळेपणातच कादंबरीचा जीव वाटला. मालिकेतला भाग असेल तर कितवा, मालिका पूर्ण झाली आहे का, आणि हा भाग स्वतंत्रपणे वाचता येतो का, हे सांगायला विसरू नये. सहाशे पाने वाचून कथा अधांतरी सोडल्याचा संताप अनेकांनी अनुभवला आहे. पुराणकथेवर बेतलेली असेल तर मुळापासून कुठे कुठे फारकत घेतली याची यादी देत बसू नये. ती फारकत कशासाठी घेतली, याचा विचार करावा.

आता प्रत्यक्ष लिहिण्याविषयी. इतरांचे अभिप्राय पहिला खर्डा होईपर्यंत वाचू नयेत. कथानक पहिल्या चतुर्थांशापलीकडे सांगू नये. ‘शेवटी असा धक्का आहे की विचारू नका’ हेही लिहू नये, कारण धक्का आहे एवढे कळले की वाचक प्रत्येक पात्राकडे संशयाने पाहू लागतो. विशेषणाऐवजी घटना द्यावी. उदाहरणासाठी एक काल्पनिक रहस्यकादंबरी घेऊ. तिच्यावर सहज लिहिले जाते ते असे : ‘सुरुवात छान आहे, मध्ये थोडी रेंगाळते, शेवट मात्र मस्त.’ हेच टिपणांच्या आधारे असे लिहिता येते : ‘पहिली शंभर पाने तपास एकाच इमारतीत, रखवालदाराच्या नोंदवहीभोवती फिरतो आणि प्रत्येक भेटीत कोणाचा तरी खोटेपणा उघडा पडतो. त्यानंतर निरीक्षकाच्या मोडत्या संसाराची कथा सुरू होते. ती साठ पाने चालते आणि तिच्यातली एकही गोष्ट पुढे उपयोगी पडत नाही. शेवटी नोंदवही पुन्हा कामी येते, म्हणून उलगडा पटतो. गुन्ह्यामागचे कारण मात्र घाईने उरकले आहे.’ कोणाचेही नाव फुटले नाही, आणि ज्याला निरीक्षकाच्या संसारात रस आहे तो हे पुस्तक आनंदाने घेईल. वाईट अभिप्राय वाचूनही योग्य वाचकाला पुस्तक घ्यावेसे वाटले, तर अभिप्राय नीट लिहिला गेला असे समजावे.

भिडेचा मुद्दा उरला. पुण्यात लेखक, प्रकाशक, मुद्रितशोधक आणि वाचक एकाच प्रकाशन समारंभाच्या चहाला भेटतात, आणि पुढच्या आठवड्यात ‘वाचलं का?’ असा फोन येतो. पुस्तक भेट म्हणून आले असेल, लेखक परिचयाचा असेल किंवा त्याने हस्तलिखित आधी वाचायला दिले असेल, तर ते पहिल्याच परिच्छेदात लिहावे. तोंडदेखले कौतुक करण्यापेक्षा न लिहिणे चांगले. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाला भाषेत सौम्यता दाखवावी, निकालात नको. लेखकाच्या स्वभावावर, पोशाखावर, समाजमाध्यमावरच्या वागण्यावर एक शब्दही लिहू नये. आणि फोन आलाच तर जे छापले आहे तेच, त्याच क्रमाने, शांतपणे सांगावे.

पुस्तक ऐकले असेल तर तसे नमूद करावे, कारण चांगला वाचक-कलाकार सुमार भयकथेलाही आवाजाने तारून नेतो, आणि रहस्यकथा ऐकताना मागे जाऊन दुवा तपासणे अवघड होते. अनुवाद असेल तर संवाद ओठांवर येतात का, हे दोन-तीन पाने मोठ्याने वाचून पाहावे. खर्डा लिहून झाला की दोन दिवस बाजूला ठेवावा, मग इतरांची मते वाचावीत, आणि त्यांतले काही पटले तर कोणाचे म्हणणे पटले ते सांगून बदल करावा. अगदी शेवटी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन, आवृत्तीचे वर्ष, पृष्ठसंख्या आणि किंमत द्यावी. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचे नाव मूळ लेखकाच्या शेजारी, त्याच ओळीत लिहावे.